टॉवेलच्या कारखान्यात फाइल राहणार कुठे? लोकलसेंड, सांबा आणि सिंकथिंग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका टॉवेलवाल्याकडे चार कॉम्प्युटर आहेत. डिझायनरचा विंडोज ११, हिशेबाचा विंडोज १०, मुलानं पुण्याहून आणलेलं मॅकबुक आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक जुना डबा. एवढ्यांत फाइल फिरायची ती पेनड्राइव्हनं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. मग एकदा जेकार्डचं, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंटऐवजी फोटो म्हणून आलं. जेकार्डच्या डिझाइनमध्ये ठिपक्या-ठिपक्यावर धागा ठरतो. मूळ फाइलीत सहा रंग होते, फोटो दाबून लहान झाल्यावर त्यांच्या कडांना नको त्या शेकडो छटा चिकटल्या. त्या पुसण्यात डिझायनरची संध्याकाळ गेली. मालक मला म्हणाले, "ओ, नुसती फाइल द्यायची-घ्यायची तर आहे. त्याला एवढा कुटाणा कशाला?"

कुटाणा होतो, कारण लोकलसेंड, सांबा आणि सिंकथिंग हे तिन्ही प्रोग्राम फुकट, ओपन सोर्स आणि 'फाइल शेअरिंग'वाले म्हणून एका ओळीत मांडले जातात. त्यांची कामं मात्र वेगळी आहेत. लोकलसेंड फाइल हातात देतो. सांबा फाइल एका जागी ठेवतो आणि सगळ्यांना तिथं बोलावतो. सिंकथिंग प्रत्येकाकडे तिची प्रत ठेवतो. तुमची फाइल यातल्या कुठल्या जातीची आहे हे आधी ठरवा.

लोकलसेंड पाच मिनिटांत चालू होतो. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे चालतो. खातं उघडायचं नाही, इंटरनेटही लागत नाही, दोघं एकाच वायफायवर असले की झालं. प्रत्येक उपकरणाला तो स्वतःच एखाद्या फळाचं नाव देतो, त्यामुळे हिशेबाचा कॉम्प्युटर आमच्याकडे अजून आंबाच आहे. समोरचं यंत्र दिसलं नाही, तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या पहारेकऱ्याकडे, ५३३१७ हा पोर्ट (लोकलसेंडचं दार) अडलाय का ते बघा. पाहुण्यांच्या वायफायवर बसलात तरी दिसत नाही, कारण तिथं बरेच राउटर एकाला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत. अडचण एकच, पण मोठी: आठवड्याभरात एकाच डिझाइनच्या चार प्रती चार जागी होतात आणि शेवटची कुठली ते कुणालाच माहीत नसतं.

तिथं सांबा लागतो. विंडोजचे कॉम्प्युटर आपसात फोल्डर वाटतात ती एसएमबी नावाची बोली लिनक्सला, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमला, शिकवणारा हा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास कॅनबेरात तारेवरून जाणारी माहिती वाचून ही बोली ओळखली. नाव शोधताना एस, एम आणि बी या क्रमानं येणारे शब्द शब्दकोशात हुडकले, त्यात सांबा सापडला. विंडोज आणि मॅकवर काहीच टाकावं लागत नाही, दोघांनाही एसएमबी मुळातच येतं. लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलेला जुना डबा एवढंच भांडवल. एक फाइल दोघांनी उघडली तर वर्ड-एक्सेलसारखे प्रोग्राम दुसऱ्याला 'फक्त वाचा' म्हणतात, आणि कारखान्यात नेमकं तेच हवं असतं.

पण सांबा पहिल्या दिवशी छळतो. लिनक्सचा पासवर्ड वेगळा, सांबाचा वेगळा, आणि दुसरा निराळा द्यावा लागतो हे विसरलं की विंडोज परत परत पासवर्ड विचारत बसतो. 'पासवर्डच नको' ही पळवाटही आता बुजली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या २०२४ च्या अपडेटपासून प्रो आवृत्तीतही पाहुणा म्हणून आत शिरणं मुळात बंद केलंय. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्या, त्यात शहाणपण आहे. फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह टाकायची सवय असेल तर सोडा. लिनक्सला ते चालतं, विंडोजला चालत नाही, मग तिकडे 'चौकडी?' च्या जागी भलतंच नाव दिसतं. आणि जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये यावं म्हणून एसएमबी १ चालू करा असं कुणी सुचवलं तर करू नका. २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या याच जुन्या आवृत्तीच्या भोकातून. सांबानंही २०१९ पासून ती मुळात बंद ठेवली आहे.

सिंकथिंग दोन जागांसाठी. कारखाना एमआयडीसीत आणि दुकान नवी पेठेत असेल, तर सांबाचं फोल्डर इंटरनेटवर उघडं टाकायचा विचारही करू नका. सिंकथिंग मधल्या कुणाच्या सर्व्हरवर फाइल न ठेवता, कुलूपबंद करून शक्यतो थेट एकाकडून दुसऱ्याकडे नेतो, आणि बदललेला तुकडाच पाठवतो. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकाच वेळी चालू मात्र हवेत. फोनवर घेणार असाल, तर अँड्रॉइडचं मूळ अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस थांबलं, आता सिंकथिंग-फोर्क वापरतात.

याला बॅकअप समजू नका. मी समजलो होतो. घरच्या लॅपटॉपवर जागा करायला 'जुने' नावाचं फोल्डर उडवलं आणि चहा होईपर्यंत ते ऑफिसातूनही गेलं. सिंकथिंगनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. 'फाइल व्हर्जनिंग', म्हणजे बदललेल्या-उडवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती जपणारी सोय, मी चालू केलं नव्हतं, तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

नेक्स्टक्लाउडचंही, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या गूगल ड्राइव्हसारख्या प्रोग्रामचंही, नाव कानावर येईल. चांगला आहे, पण तो सर्व्हर नीट सांभाळणारा माणूस लागतो. चार कॉम्प्युटरच्या कारखान्यानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

टॉवेलवाल्याकडे शेवटी जुन्या डब्यावर सांबा बसवला, फोनसाठी लोकलसेंड ठेवला. डबा लूमच्या शेडपासून लांब, हिशेबाच्या खोलीत, कारण शेडमधला रुवा पंख्यात जाऊन बसतो. सिंकथिंग टाकला नाही, त्यांचं सगळं एकाच छताखाली आहे. एवढं करून २ जीबीची फाइल जायला ३ मिनिटं लागायला लागली तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिलं. गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या जाळ्यावर हे वीसेक सेकंदांचं काम. सगळ्या वायरी जिथं जोडतात तो स्विच बरोबर होता. नेटवर्कच्या वायरीचा प्लग कापून बघितला तर वायरमननं आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या, आणि चार तारांवर १०० मेगाबिटच्या पुढं जाता येत नाही. नवा प्लग आठ रुपयांना मिळाला.