टेस्टडिस्क आणि फोटोरेक: काही महिन्यांच्या दुकानी वापरानंतर

बेळगावात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्याला टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही डिस्कवरचा हरवलेला डेटा परत मिळवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरांची नावे नवीन नाहीत. नवीन आहे ती गोष्ट एवढीच की गेल्या पावसाळ्याआधीपासून आमच्या दुकानात डेटा परत मिळवण्याचे प्रत्येक काम याच जोडीने सुरू करायचे असे आम्ही ठरवले आणि पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर शेवटच्या पर्यायासाठी मागे ठेवले. क्रिस्तॉफ ग्रेनिये या फ्रेंच प्रोग्रॅमरने टेस्टडिस्क 1998 मध्ये सुरू केले. ते सी भाषेत लिहिलेले असून जीपीएल या परवान्याखाली खुले आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येतो, आणि फोटोरेक त्याच्याच जोडीने येते. 7.1 ही आवृत्ती जुलै 2019 मध्ये आली आणि 7.2 फेब्रुवारी 2024 मध्ये. मधले साडेचार वर्षांचे अंतर पाहून हे साधन बंद पडले असे आमच्या धंद्यातले पुष्कळ जण समजून चालले होते. मात्र त्या काळातही चाचणीच्या आवृत्त्या निघत होत्या आणि मूळ कोडमध्ये बदल होत होते, हे फारसे कोणी पाहिले नाही.

टेस्टडिस्कचे मुख्य काम हरवलेले पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र आखलेला भाग, शोधण्याचे आहे आणि त्या कामात त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. निपाणी तालुक्यातल्या एका शाळेची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आमच्याकडे आली तेव्हा विंडोज ती उघडण्याऐवजी फॉरमॅट करायची का, एवढेच विचारत होते. काळ्या पडद्यावर ‘अॅनालाइज’ निवडून ‘क्विक सर्च’ चालवल्यावर हरवलेले एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) पार्टिशन यादीत दिसले आणि त्यावर ‘पी’ दाबताच वर्गवार निकालांचे फोल्डर ओळीने समोर आले. अशा वेळी हात ‘राइट’कडे जातो, पण तो आवरावा. आधी फाइली निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कवरची पार्टिशनांची यादी, लिहिण्याचा विचार त्यानंतर करावा. डिस्क आजारी असेल, म्हणजे टकटक आवाज करत असेल किंवा वाचताना अडत असेल, तर तिच्यावर थेट टेस्टडिस्कही चालवू नये. अगोदर डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर करावेत.

फोटोरेकचा स्वभाव निराळा आहे. ते फाइल सिस्टिमकडे, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या डिस्कवरच्या नोंदींकडे, पाहतच नाही; डिस्कवरचे ब्लॉक वाचत जाते आणि फाइलच्या सुरुवातीला असणाऱ्या ठरावीक बाइटवरून ती जेपीईजी आहे की पीडीएफ हे ओळखते. खानापूरकडच्या एका लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्याचे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट झाले होते. तो म्हणाला, ‘‘नावं नसली तरी चालतील हो दादा, फोटो तेवढे येऊ देत.’’ फोटोरेककडून मिळते ते नेमके हेच. रिकप_डिर.1, रिकप_डिर.2 अशा फोल्डरांत पाचशे-पाचशे फाइलींचे गठ्ठे पडत जातात आणि प्रत्येक फाइलचे नाव ‘एफ’ अक्षर व त्यापुढे सेक्टरचा आकडा एवढेच असते. ‘टी’ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे मोठ्या फोटोच्या पोटातून निघालेली लहान चित्रे. फोटोत कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ असेल तर फाइलची तारीख त्यावरून लावली जाते, त्यामुळे तारखेने लावून पाहिले की हळद, अक्षता आणि जेवणावळ आपोआप वेगवेगळ्या होतात. व्हिडिओच्या बाबतीत मात्र आशा कमी ठेवावी, कारण फाइलचे तुकडे कार्डावर विखुरलेले असतील तर फोटोरेकला ते नीट जोडता येत नाहीत. एसएसडीवर ट्रिम होऊन गेलेला, म्हणजे पुसलेल्या जागा एसएसडीने स्वतःच रिकाम्या केल्याने गेलेला, डेटा तर कोणत्याच सॉफ्टवेअरला मिळत नाही; ते गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

जून-जुलैत आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएसच्या बॅटऱ्या सगळ्यांच्याच थकलेल्या असतात. फोटोरेक आपली प्रगती फोटोरेक.सेस या फाइलमध्ये लिहीत जाते आणि पुन्हा सुरू केल्यावर मागचे काम पुढे चालवायचे का हे विचारते. महागड्या सॉफ्टवेअरांत ही सोय नसते असे नाही, पण येथे ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल उघडून वाचता येते, हे मला जास्त पसंत आहे.

सीमाभागातली खरी अडचण कागदपत्रांची आहे. सरकारी अर्ज आणि पत्रव्यवहार नुडी या सॉफ्टवेअरात टंकलेले कन्नड, लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल श्रीलिपी या सॉफ्टवेअरातले मराठी, आणि दोन्ही एकाच संगणकावर, हे आमच्याकडच्या छापखान्यांचे नेहमीचे चित्र आहे. फोटोरेक वर्डच्या जुन्या फाइलींना आतल्या शीर्षकावरून नाव द्यायचा प्रयत्न करते, पण शीर्षक जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोळा दिसतो. त्यामुळे मालकाला शेजारी बसवून एकेक फाइल उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. हा दोष फोटोरेकचा नाही, पण वेळ आपलाच जातो.

छापखान्यांत पानांची रचना करणाऱ्या काही जुन्या प्रोग्रॅमांच्या फाइली फोटोरेक मुळात ओळखतच नव्हते. येथे एक सोय उपयोगी पडली, ती फार थोडे लोक वापरतात असे मला वाटते. फोटोरेक.सिग नावाची एक साधी फाइल करायची आणि तिच्या प्रत्येक ओळीत फाइलचे एक्स्टेन्शन, ओळखीचे बाइट फाइलमध्ये कितव्या जागी येतात तो आकडा, आणि ते बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत), एवढे लिहायचे. बाइट कोणते हे ठरवण्यासाठी त्याच प्रकारच्या चार-सहा चांगल्या फाइली हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी उघडाव्या लागतात. सगळ्यांत सारखे दिसणारे सुरुवातीचे बाइट तेवढे घ्यायचे आणि तारीख किंवा पानांची संख्या म्हणून बदलणारे सोडायचे. ओळ बरोबर आहे की नाही हे फिडेंटिफाय हा त्याच संचातला लहान प्रोग्रॅम लगेच सांगतो. ओळख फार आखूड ठेवली तर भलत्याच ब्लॉकांना तो प्रकार समजून कचऱ्याचे ढीग निघतात, तेव्हा किमान चार बाइट तरी असावेत.

आता देखभालीविषयी, कारण वापरताना सर्वांत जास्त विचार मी याचाच केला. डीडीरेस्क्यूसारखे साधन जवळजवळ कशावरच अवलंबून नाही. सी++ कंपायलर (मूळ कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) असला की ते उभे राहते, म्हणून ते म्हातारे होत नाही. टेस्टडिस्कचे तसे नाही. पडद्यासाठी एनकर्सेस, एनटीएफएस वाचण्यासाठी त्याची लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड), लिनक्सच्या एक्स्ट प्रकारच्या फाइल सिस्टिमांसाठी आणखी एक, जेपीईजी पूर्ण आहे का हे तपासण्यासाठी लिबजेपीईजी, अशा पुष्कळांच्या खांद्यावर ते उभे आहे आणि त्यांतला एक जरी हलला तरी ते लंगडते. एनटीएफएसच्या लायब्ररीशिवाय कंपाइल केले तर प्रोग्रॅम सुरू होतो, पार्टिशनही शोधतो, पण ‘पी’ दाबल्यावर या फाइल सिस्टिमची सोय कंपाइल करताना घेतलेली नाही असे सांगून थांबतो. रायझरएफएस ही जुनी फाइल सिस्टिम तर लिनक्स कर्नलमधूनच 6.13 आवृत्तीत काढून टाकली गेली. त्या काळच्या डिस्क मात्र लोकांच्या माळ्यावर आहेतच, आणि त्या ओळखणारा कोड कोणीतरी जपावा लागतो.

शिवाय फोटोरेकला सतत मोडका, अर्धवट डेटा वाचायचा असतो, म्हणजे चुकीच्या आकड्याने प्रोग्रॅम कोसळण्याची भीती येथे नेहमीच जास्त. मूळ कोड उघडून पाहिला तर फंक्शनच्या डोक्यावर कोणता पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) कुठपर्यंत वाचता येईल याच्या अटी विशिष्ट टिपांत लिहिलेल्या दिसतात. त्या फ्रामा-सी या, सी भाषेतल्या कोडची पडताळणी करणाऱ्या साधनासाठी आहेत. नवे बटण किंवा रंगीत पडदा न देता एखादा माणूस हे काम वर्षानुवर्षे करत राहतो, तेव्हा दिसायला जुनाट वाटणाऱ्या प्रोग्रॅमविषयी माझे मत बदलते. तरीही बहुतेक भार एकाच माणसावर आहे ही गोष्ट मला खटकते, आणि ती केवळ त्याची अडचण नाही. त्यावर पोट चालवणाऱ्या आमच्यासारख्यांचीही आहे.

म्हणून आम्ही दुकानात एक पद्धत बसवली आहे. काय काय ठेवले आहे ते पक्के माहीत असलेल्या काही लहान डिस्क इमेज आम्ही तयार करून ठेवल्या: एक फॅट32ची, एक एनटीएफएसची, एक एक्स्ट4ची, आणि प्रत्येकीत मुद्दाम पुसलेल्या फाइली. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला की चाचणीची ताजी आवृत्ती कंपाइल करतो आणि जुनी व नवी दोन्ही त्याच इमेजवर चालवून कोणत्या फाइली आल्या, कोणत्या सुटल्या याची तुलना करतो. फरक निघाला तर लॉगसकट (प्रोग्रॅमने केलेल्या कामाच्या नोंदीसकट) मूळ लेखकाकडे कळवायचा. एक्स्ट4वर पुसलेल्या फाइली टेस्टडिस्कला मिळत नाहीत, कारण पुसताना फाइल कुठे होती याचा मागमूसच ती फाइल सिस्टिम मिटवते. तो फरक म्हणून धरायचा नाही, हे त्याला आता सांगावे लागत नाही.

नव्या प्रकारची ओळख मूळ प्रोग्रॅममध्ये यावी म्हणून नमुन्याची फाइल पाठवणे ही सर्वांत सोपी मदत आहे, पण गिऱ्हाइकाची फाइल पाठवणे योग्य नाही. तिच्यात कोणाचे जमिनीचे कागद असतील, कोणाची पत्रिका असेल, सांगता येत नाही. त्यासाठी विंडोज एक्सपीचा एक जुना संगणक आम्ही मोडीत न काढता ठेवला आहे. त्यावर पानांच्या रचनेचा तो जुना प्रोग्रॅम अजून चालतो, आणि पाठवायचा नमुना आम्ही त्यातच, कोऱ्या पानावर चार निरुपद्रवी ओळी टंकून, नव्याने तयार करतो.