जिनिंगमधली मर्सिडीज की रोज धावणारी इनोव्हा?

हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगच्या शेडजवळ २००८ ची मर्सिडीज ई २८० सीडीआय उभी आहे. रंग काळा, आत बेज लेदर, मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर. मालक पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि २०२२ च्या पावसाळ्यापासून गाडी जागची हललेली नाही. मागतात साडेतीन लाख. त्याच आठवड्यात समुद्रपूरकडे २०१२ ची इनोव्हा २.५ विकायला निघाली. दोन लाख वीस हजार चाललेली, आजही रोज फिरणारी, किंमत सहा लाख. पुतण्या दोन्ही पाहून आला आणि मला म्हणाला, "काका, इनोव्हाहून अडीच लाखानं सस्ती मर्सिडीज भेटून राह्यली. काहून घेऊ नाही?"

सोयाबीनचे पैसे हातात आले की असे प्रश्न गावोगावी निघतात. त्याला मी बसून जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण अशा उभ्या गाड्या आपल्याकडे आता बऱ्याच दिसतात.

मर्सिडीज स्वस्त का, हे आधी समजून घ्या. गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते, तिच्या सामानाची किंमत उतरत नाही. साडेतीन लाखांच्या गाडीला सामान लागतं ते नवी असताना इनोव्हाच्या कितीतरी पट महाग असलेल्या गाडीचं. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणूनच तो साडेतीनवर आलेला असतो.

तरी गाडी चांगली आहे, हे मी मनापासून सांगतो. २९८७ सीसीचं व्ही-६ डिझेल इंजिन, सात गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ताकद. समृद्धीवर १२० ला चालवताना आत शांतपणे बोलता येतं. दार लावताना जो भरीव आवाज येतो, तो सतरा वर्षांनीही तसाच येतो. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं इंजिन लांबचा पल्ला गाठतं.

त्याचं दुखणं ठरलेलं आहे. ऑइल कूलर इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली दडलेला असतो. त्याची रबरी सील उष्णतेनं कडक होतात आणि ऑइल झिरपायला लागतं. सील स्वस्त आहेत, पण तिथवर हात पोचायला टर्बो आणि इंजिनात हवा नेणारा इनटेक उतरवावे लागतात, आणि बिल फुगतं ते मजुरीनं. दुसरं, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या जोडातून टपकणारं ऑइल खालच्या इनटेक फ्लॅपच्या मोटरवर पडतं, मोटर जळते आणि गाडीची ताकद जाते. म्हणून बॉनेट उघडलं की वरचं चकचकीत कव्हर पाहू नका. टॉर्च घ्या आणि मागे, खाली, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे ओल आहे का ते पाहा.

कोणी २००६ च्या आधीची ई-क्लास दाखवली तर वेगळाच प्रश्न येतो. त्या गाड्यांना विजेवर चालणारी एसबीसी ब्रेक यंत्रणा होती, २००६ च्या बदलात कंपनीनं ती काढली. एवढ्या एका कारणासाठी मी त्याआधीची गाडी आपल्या भागात घेणार नाही.

आता खरा मुद्दा, तीन वर्षांहून जास्त उभी राहिल्याचा. फिरणारी गाडी आपलं दुखणं रोज थोडं थोडं सांगत असते. उभी गाडी काहीच सांगत नाही, आणि सुरू केल्यावर सगळं एकदम काढते.

टाकीतलं डिझेल शिळं होतं, खाली पाणी जमतं, त्यात गाळ धरतो. डिझेल दाबानं इंजिनात सोडणारे कॉमन रेल पंप आणि इंजेक्टर इतके बारीक मापाचे असतात की तो गाळ एकदा आत गेला की दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीला जाते. पुतण्या गेला तेव्हा मालकाचा माणूस जंप केबल लावून "चालू करून दाखवतो" म्हणत होता. मी फोनवरच सांगितलं, चालू करू देऊ नको. आधी टाकी रिकामी करायची, फिल्टर बदलायचा, मगच चावी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, कॅलिपर अडकतात. टायर एकाच जागी दबून बसतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात: १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. या गाडीचे टायर त्याच सालचे निघाले. नक्षी नव्यासारखी आहे, पण अशा टायरवर एप्रिलमध्ये समृद्धीच्या काँक्रीटवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. चारही टायर नवे, यात घासाघीस नाही.

जिनिंग म्हटलं की सरकी आली, आणि सरकी आली की उंदीर. वायरिंगची कुरतड इंजिनाजवळ दिसते, पण सीटखालची आणि गालिच्याखालची दिसत नाही. गाडी कडुलिंबाखाली आहे. पुढच्या काचेच्या खाली पाणी जायची जी वाट असते ती पाल्यानं बुजते, पावसाचं पाणी आत शिरतं आणि गाडी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांपर्यंत, म्हणजे कंट्रोल युनिटांपर्यंत पोचतं. पायाखालची मॅट उचलून गालिचा हातानं दाबा. ओला किंवा कुबट लागला तर तिथूनच परत फिरा. त्यात आपला उन्हाळा. कडक उन्हाचे तीन मे महिने या गाडीनं काढलेत, त्यामुळे कूलंटचे प्लास्टिकचे जोड, बुश, होज नुसते पाहून भागणार नाही.

चावी एकच आहे, हेही लिहून ठेवा. या मॉडेलचं स्टिअरिंग लॉक विजेवर चालतं आणि ते अडकलं की गाडी सुरूच होत नाही. गावातला कुलूपवाला तिथे काही करू शकत नाही.

कागदाचं सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे हिची २०२३ मध्येच संपली. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. एप्रिल २०२२ पासून अशा, वीस वर्षांखालच्या कारसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे, आणि उशिराला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. वर राज्याचा पर्यावरण कर. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, पण तपासणीला वर्ध्याच्या आरटीओसमोर तर उभी करावी लागते, म्हणजे वाहून न्यायचा खर्च आला. ही गाडी पुण्यात जोडलेली आहे. पूर्ण आयात केलेली असती तर नूतनीकरणच ४०,००० चं झालं असतं. नूतनीकरण जुन्या मालकाच्या नावावर, त्याच्या खर्चानं व्हावं आणि मगच व्यवहार, असं मी सांगितलं. "नंतर करून देतो" यावर बयाणा देऊ नये. दिल्लीकडून येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांनाही हेच लागू. तिथली एनओसी आणि इथला कर धरला की त्यांचं स्वस्तपण बरंच वितळतं.

इनोव्हाबद्दल इतकं लिहावं लागत नाही, आणि हाच तिचा गुण. २४९४ सीसीचं साधं डिझेल, चेसिसवर बांधलेली बॉडी. पांधण रस्ता असो की पावसाळ्यातली काळी माती, खाली काही घासत नाही. पण डोळे मिटून घेऊ नका. हिला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदला, तुटला तर इंजिन जातं. टॅक्सीची पिवळी नंबरप्लेट पांढरी करून खासगी केलेली गाडी आहे का, ते आरसीवर पाहा. दोन लाख वीस हजार हा आकडा खरा वाटण्याइतकाच खोटा असू शकतो. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसच्या पावत्या ताडून पाहा. इंजेक्टर थकले असतील तर सकाळी थंड इंजिनावर धूर आणि खडखड कळते, म्हणून सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. हिची नोंदणी २०२७ ला संपेल, तेवढं भावात धरा.

विमा? दोन्ही १५०० सीसीच्या वरच्या, त्यामुळे थर्ड पार्टीचा हप्ता सारखाच. डिझेलचा खर्चही फार वेगळा नाही.

फरक पडतो गाडी बंद पडल्यावर. इनोव्हा पांढरकवड्याजवळ थांबली तर तासाभरात मिस्त्री भेटतो आणि सामान बहुधा संध्याकाळपर्यंत. मर्सिडीज थांबली तर नागपूर, आणि तिथे कसं न्यायचं हा आधी प्रश्न. आपल्याकडे बंद गाडीला ट्रॅक्टरचा दोर बांधायची सवय आहे. ही ऑटोमॅटिक मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेली तर गिअरबॉक्स खराब होतो. सपाट ट्रॉलीवरच चढवावी लागते.

पुतण्याच्या घरी मोटरसायकलशिवाय दुसरं वाहन नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, दम्याचा त्रास आहे. मागच्या थंडीत रात्री दोन वाजता त्यांना सेवाग्रामला न्यायची वेळ आली, तेव्हा शेजारच्याची बोलेरो मागावी लागली होती. म्हणून त्याला मी स्पष्ट सांगितलं, घरची पहिली आणि एकुलती गाडी म्हणून इनोव्हाच घे. बेल्टची पावती नसेल तर साडेपाचला माग.

घरी आधीच एखादी भरवशाची गाडी असेल, नागपुरात मर्सिडीजचं काम जाणणारा मिस्त्री ओळखीचा असेल आणि खरेदीइतकीच रक्कम बाजूला काढून ठेवता येत असेल, तर मी ही काळी गाडी घ्यायला सांगेन. साडेतीनला नाही, दोनच्या आत. तेही ट्रॉलीवर नागपूरला नेऊन, लिफ्टवर खालून पाहून, मर्सिडीजच्याच स्कॅनरवर सगळे डबे वाचून झाल्यावर. साधा स्कॅनर सगळं वाचत नाही.

पुतण्या दोन दिवस गप्प होता. काल फोन आला, "काका, इनोव्हावाल्याला सकाळी सहाची वेळ देल्ली. तुमी टॉर्च घेऊन या."