लिनक्समधून एनटीएफएस डी ड्राइव्ह: काही महिने वापरल्यावर

परवा पुन्हा तेच झालं. आमच्या एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत (यालाच डुअल बूट म्हणतात), आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीतला डी ड्राइव्ह दोन्हीकडून वापरतो. मिंटमध्ये डी ड्राइव्ह उघडला, फोटो दिसत होते, पण त्यात नवीन काही ठेवता येईना. ड्राइव्ह रीड-ओन्ली. आदल्या रात्री वहिनीने विंडोजमध्ये हिशेब लिहून संगणक रीतसर बंद केला होता, त्यामुळे तिला काही बोलायची सोयच नाही. दोष फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या पटकन सुरू होण्याच्या सोयीचा आहे, आणि डुअल बूट ठेवणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी याच सेटिंगकडे बघावं असं माझं ठाम मत झालंय.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपलं लॉगिन संपतं, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची अवस्था हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. ड्राइव्हवर कुठे काय आहे याची नोंदही त्यातच अडकते. मधल्या वेळेत लिनक्सने त्या ड्राइव्हवर लिहिलं, तर विंडोज जागं होऊन जुन्या नोंदीवर काम करेल आणि फायली खराब होतील. म्हणून एनटीएफएस-थ्रीजी हे लिनक्समधलं एनटीएफएस वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर लिहू देत नाही, फक्त वाचू देतं. मला आधी याचाच राग यायचा. आता वाटतं की यानेच आमचे फोटो वाचवले. ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा पर्याय वापरून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायचा (जोडायचा) सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जतन केलेलं सत्र त्यात कायमचं जातं.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढली की प्रश्न मिटतो. आमच्याकडे एका मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आली, आणि परवाचा घोळ त्यातूनच झाला. शेवटी ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी या आज्ञेने हायबरनेशनच (अवस्था डिस्कवर जतन करून बंद होणं) बंद केलं. हायबरफिल गेली, सी ड्राइव्हवर काही जीबी जागाही सुटली. घाईच्या वेळी शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून मिंट निवडलं तरी चालतं, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

एफएसटॅबबद्दल, म्हणजे लिनक्सने कोणता ड्राइव्ह कसा जोडायचा हे सांगणाऱ्या फाइलबद्दल, थोडक्यात. यूयूआयडी (ड्राइव्हची ओळख), यूआयडी आणि जीआयडी (मालक आणि गट) आणि नोफेल (ड्राइव्ह नसला तरी संगणक सुरू व्हावा म्हणून) टाकाच, पण परवानग्या ठरवणारे एफमास्क १३३ आणि डीमास्क ०२२ विसरू नका. नाहीतर साधी टेक्स्ट फाइल उघडतानाही ‘चालवू की दाखवू’ असं विचारतं. ‘विंडोज नेम्स’ हा पर्यायही हवाच. तो नसेल तर लिनक्स ‘सकाळ ६:३०’ अशा अपूर्णविरामाच्या नावाची फाइल खुशाल बनवतं, आणि वहिनीला ती विंडोजमध्ये उघडत नाही.

ड्रायव्हर कोणता? एनटीएफएस-थ्रीजीची पहिली स्थिर आवृत्ती २००७ ची. ते कर्नलबाहेर, फ्यूज नावाच्या यंत्रणेवर चालतं, त्यामुळे हजारो छोट्या फोटोंची कॉपी करताना आमचा जुना प्रोसेसर दमतो. पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ बरोबर आला. तो लावला आणि कॉपीचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढला. नवीन संगणकाचा खर्च टळला म्हणून मी खूश होतो. सगळ्यांनी हाच लावावा, असं लिहून ठेवलं होतं.

ते वाक्य मागे घेतोय. लेख अर्धा झाला असताना वीज गेली आणि ड्राइव्हवर डर्टीची, म्हणजे नीट बंद न झाल्याची, खूण राहिली. एनटीएफएस३ने ‘फोर्स’ दिल्याशिवाय नेहमीसारखं माउंट करायलाच नकार दिला. एनटीएफएसफिक्स या लिनक्सच्या आज्ञेने ती खूण पुसता येते, पण आतली मोडतोड त्याने दुरुस्त होत नाही. खरी तपासणी विंडोजच्या चेकडिस्कचीच. तेवढ्यासाठी विंडोज चालू करावं लागलं. यूपीएस नसेल तर एनटीएफएस-थ्रीजीच ठेवा, हळू चाललं तरी चालेल. मी परत त्यावरच आलोय.

एवढा त्रास असताना डी ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-पद्धतीत का केला नाही? एक कारण वहिनीचं विंडोजमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, कारण विंडोजला ईएक्सटी४ आपसूक वाचता येत नाही. दुसरं कारण मराठी लिहिणाऱ्यांनी नक्की लक्षात घ्यावं. आजोबांची पत्रं स्कॅन करून मी कुणी, कुणाला, कुठून, कधी अशी लांबलचक देवनागरी नावं दिली आहेत. ईएक्सटी४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइटचं असतं आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजायचे. ईएक्सटी४ वरच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना काही पत्रं ‘नाव फार लांब’ म्हणून अडली ती यामुळेच. एनटीएफएस नावं यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं, तिथे देवनागरीचीही २५५ चिन्हं मावतात. ही गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती, आणि ती पत्रं नीट नावांसकट राहणं मला वेगापेक्षा जास्त मोलाचं आहे.

बाहेरची डिस्क एक्सफॅट या आणखी एका फाइल-पद्धतीत करावी का, असं भाऊ विचारत होता. लांब नावं तिथेही मावतात आणि कर्नल ५.७ पासून त्याचा चांगला ड्रायव्हर आहे. पण एक्सफॅटला जर्नल, म्हणजे वीज गेल्यावर सावरायला मदत करणारी बदलांची नोंद, नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तशी जात असेल, तर पत्रांची एकमेव प्रत मी त्यावर ठेवणार नाही. दुसरी प्रत असेल तर बिनधास्त करा.