वाहनातील दुसरी बॅटरी : चार्जर उत्तम, सोबतची केबल मात्र बदलून घ्यावी

कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या चारचाकीत दुसरी बॅटरी बसवण्याचा एक तयार संच मी गेले चौदा महिने वापरत आहे. त्यात २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीची वीज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजने देणारा), १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सहा मीटर केबल, एक फ्यूज, बॅटरी घट्ट धरून ठेवणारी चौकट आणि व्होल्टेज दाखवणारा छोटा पडदा अशा वस्तू येतात. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला पुढचे वाचताना त्याचा संदर्भ राहील: या संचातला चार्जर आणि बॅटरी निःशंक घ्यावीत अशी आहेत, पण त्या दोघांना जोडणारी केबल, फ्यूजची व्यवस्था आणि अर्थिंगविषयीच्या (ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला जोडण्याविषयीच्या) सूचना इतक्या तोकड्या आहेत की पत्रकात लिहिल्याप्रमाणे तंतोतंत जोडणी करणाऱ्याला हा संच सदोष वाटण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी बॅटरी हवीच कशाला, याचे उत्तर थोडक्यात देता येते. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात, कारण तिला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर द्यायचे असतात आणि लगेच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, ते भरून घ्यायचे असतात. अशा बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला, तर सकाळी गाडी सुरू होत नाही, आणि हा प्रकार वारंवार झाला तर तिचे आयुष्यही झपाट्याने घटते. माणसांची ये-जा नसलेल्या ठिकाणी मुक्काम असेल, तर गाडी सुरू होणार की नाही हा प्रश्न केवळ गैरसोयीचा उरत नाही. म्हणून फ्रिज, दिवे, पंप, फोन यांचा भार स्वतंत्र बॅटरीवर टाकायचा, आणि इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांचा एकमेकींशी संबंध राहू द्यायचा नाही.

हे वेगळेपण राखण्याचा जुना आणि साधा मार्ग म्हणजे व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. पहिल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर आणि दोन्ही बाजूंना शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतील, तर हा रिले आजही चांगले काम देतो, असे मी अनुभवाने सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत तोच होता. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणकाने नियंत्रित केलेला अल्टरनेटर असतो, जो इंधन वाचवण्यासाठी चालत्या गाडीतही व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवतो, आणि मग रिले नेमका प्रवासातच बॅटऱ्या तोडून बसतो. दुसरी अडचण लिथियमची आहे. या बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने, रिकामी बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडली की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, आणि इंजिन कमी फेऱ्यांवर चालत असताना, जेव्हा अल्टरनेटरच्या पंख्याची हवाही कमी असते, तेव्हा अल्टरनेटर धोकादायक रीतीने तापू शकतो.

डीसी-डीसी चार्जर या दोन्ही अडचणी एकदम सोडवतो. आत येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला, तरी तो बाहेर बॅटरीला हवा तो देतो, माझ्या बाबतीत १४.४, आणि प्रवाह २५ अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. या चार्जरचे काम मला मनापासून आवडले. फ्रिज दोन दिवस चालून बॅटरीतून ७० एएच गेलेले असताना, तीन तासांच्या प्रवासात ती पुन्हा भरते, कारण लिथियम बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांनंतर प्रवाह घेणे हळूहळू कमी करते आणि उरलेला पाचवा हिस्सा भरायला पुष्कळ तास लावते. चार्जरला सौर पॅनेलसाठी वेगळी जागा आहे, आणि गाडी उभी असताना माझ्या १२० वॅटच्या पॅनेलकडून भर दुपारी सहा अँपिअरपर्यंत प्रवाह मिळतो. तेवढ्यावर फ्रिजचा दिवसाचा खर्च निघतो.

चार्जर कुठे बसवावा याबद्दल पत्रकात एकच ओळ आहे: दुसऱ्या बॅटरीपासून एक मीटरच्या आत. ओळ योग्य आहे, पण कारण दिलेले नाही, म्हणून अनेक जण सोयीसाठी तो बॉनेटखाली बसवतात. चार्जर आपल्या आत येणाऱ्या वीजवाटेतील घट भरून काढू शकतो, बाहेर पडल्यानंतरची नाही. म्हणून लांब केबल त्याच्या आधी असावी आणि आखूड केबल नंतर. शिवाय बॉनेटखालच्या उष्णतेत तो स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह कमी करतो. लिथियम बॅटरीसाठीही ती जागा अयोग्यच आहे.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. जोडणी पूर्ण करून गाडी सुरू केली तेव्हा चार्जरचा हिरवा दिवा लागला, मिनिटभर राहिला आणि विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला, पुन्हा विझला. हा खेळ अर्धा तास चालला. चार्जर बिघडलेला आला असे समजून तो परत पाठवण्याच्या तयारीत मी होतो, पण त्याआधी मल्टिमीटर काढला. पहिल्या बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट होते आणि चार्जरच्या टोकांवर, तो पूर्ण प्रवाह ओढत असताना, फक्त १२.७. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच जिरत होते. चार्जर आपल्या परीने बरोबर वागत होता: आत येणारा व्होल्टेज १२.८ च्या खाली गेला म्हणजे इंजिन बंद झाले असे समजून तो थांबत होता, थांबल्याबरोबर प्रवाह शून्य होऊन व्होल्टेज पुन्हा वर जात होता, आणि इंजिन सुरू झाले असे समजून तो परत कामाला लागत होता.

घट कुठे होते हे शोधायचे असेल, तर भार चालू असतानाच वाटेच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. नुसती जोडणी तपासून किंवा भार नसताना मोजून यातले काहीही दिसत नाही. मी चार्जरच्या ऋण टोकापासून चासीपर्यंत मोजले, तर ०.६ व्होल्ट निघाले. ती अर्थची वायर जेमतेम हातभर लांब होती. बोल्टला हात लावला तर चटका बसेल इतका तो तापलेला. बाहेर २५ अँपिअर देण्यासाठी चार्जर आत सुमारे तीस ओढतो, कारण तो व्होल्टेज वाढवून देतो; तीस अँपिअर आणि ०.६ व्होल्ट म्हणजे सुमारे १८ वॅट उष्णता त्या एका बोल्टपाशी निर्माण होत होती. बोल्ट खोलला, तेव्हा लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली चासीचा काळा रंग जसाच्या तसा होता, आणि प्रवाह फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता. लगच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट पुन्हा आवळला आणि वरून गंज रोखणारा रंग दिला. ०.६ ची जागा ०.०३ ने घेतली. चासीवरचा रंग खरवडून मगच अर्थ जोडावा, ही एवढी सूचना पत्रकात नसावी याचे मला खरोखर वाईट वाटते; ज्याच्याकडे मल्टिमीटर नाही तो माणूस चांगला चार्जर परत पाठवून मोकळा होईल.

उरलेल्या ०.८ व्होल्टपैकी सुमारे ०.७ व्होल्टची घट केबलची होती. पत्रकात ती ‘६ मिमी’ म्हणून नोंदवलेली आहे, आणि मी ते ६ चौरस मिलिमीटर असे वाचले. गाड्यांच्या वायरिंगसाठी विकल्या जाणाऱ्या केबलचे माप कित्येकदा वरच्या प्लास्टिकसकट व्यासात सांगितले जाते, आणि तशा ६ मिमी केबलमध्ये तांब्याचे छेदक्षेत्र साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपासच असते. मी टोक सोलून पाहिले: लाल आवरण जाड, हाताला मऊ, दिसायला भारी, आणि आत तारांचा बारीकसा जुडगा. तांब्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम धरावा, लांबीने गुणावे, जाडीने भागावे आणि आलेल्या संख्येला प्रवाहाने गुणावे. सहा मीटर आणि तीस अँपिअर यांसाठी साडेचारच्या केबलमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट जातात, सोळाच्या केबलमध्ये ०.२. मी १६ चौरस मिलिमीटरची केबल आणली, तिला योग्य मापाच्या तांब्याच्या लग हायड्रॉलिक साधनाने दाबून घेतल्या, आणि चार्जरपाशी १३.८ व्होल्ट मिळू लागले. त्या दिवसापासून हिरवा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत एकदाही विझलेला नाही.

फ्यूजविषयीही मला हेच म्हणायचे आहे. संचात एकच फ्यूज आहे आणि तो पहिल्या बॅटरीजवळ लावायला सांगितला आहे. तो तिथे हवाच, बॅटरीपासून शक्यतो २० सेंटिमीटरच्या आत, कारण फ्यूज हा उपकरणासाठी नसून केबलसाठी असतो. इंजिनकडून गाडीच्या मागच्या भागाकडे जाणारी केबल पत्र्यातल्या भोकातून जाते, खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास हादरे खाते, आणि तिचे आवरण घासून तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका ठिकाणी उतरते. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही खरी आहे. चार्जर आणि दुसरी बॅटरी यांच्यामधल्या तारेला त्या बॅटरीकडूनही प्रवाह मिळू शकतो, म्हणून तिच्याजवळही फ्यूज हवा. बॅटरीच्या आत स्वतःचे संरक्षण करणारे सर्किट असते हे मान्य; तरीही उघड्या तारेसमोर त्याच्या भरवशावर राहू नये. मी ४० अँपिअरचे दोन फ्यूज लावले, पत्र्यातल्या भोकांना रबरी कडी बसवली आणि केबल पूर्ण लांबीभर नालीदार नळीतून नेली. या तिन्ही वस्तू संचातच असायला हव्या होत्या.

व्होल्टेज दाखवणारा पडदा शिशाच्या बॅटरीसाठी योग्य ठरला असता. शिशाची बॅटरी विश्रांतीत असताना १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे अर्धी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. लिथियमचा व्होल्टेज मात्र बहुतेक वेळ जवळपास स्थिर असतो. ९० टक्के आणि ४० टक्के यांत जेमतेम पाव व्होल्टचा फरक पडतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की तेवढा फरक नुसत्या भारानेही पडतो. पहिल्याच मुक्कामात पडदा रात्री १३.१ दाखवत होता आणि पहाटे बॅटरीने स्वतःला बंद करून घेतले होते. नंतर मी शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत बसवलेल्या छोट्या रोधावर) चालणारा मॉनिटर लावला, जो आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर-तास मोजतो. त्यामुळेच मला कळले की माझा चाळीस लिटरचा फ्रिज चालू असताना चार अँपिअर घेतो, पण थांबत थांबत चालत असल्यामुळे दिवसभरात सुमारे ३५ एएच वापरतो. लिथियम बॅटरी देणाऱ्या संचात शंट नसणे ही माझ्या दृष्टीने केबलइतकीच मोठी त्रुटी आहे.

चौकट मात्र अप्रतिम आहे. कोन जाड पत्र्याचे आहेत, खालून चार बोल्ट, वरून आडवी पट्टी आणि तिच्याखाली रबर. चौदा महिन्यांच्या धक्क्यांनंतर एकही वेल्ड तडकलेले नाही आणि बॅटरी जागची हललेली नाही. बॅटरीचे वजन बारा किलोच्या आसपास आहे, तर याच क्षमतेच्या एजीएम (शिसे-आम्लाच्या बंदिस्त प्रकारच्या) बॅटरीचे तीस किलोच्या घरात जाते. उतारावर हेलकावे खाणाऱ्या गाडीत हा फरक चौकटीलाही जाणवतो आणि मागच्या स्प्रिंगलाही.

हा संच कोणी घेऊ नये हेही सांगतो. ज्यांचा मुक्काम गोठणबिंदूखालच्या थंडीत असतो, त्यांनी बॅटरीत थंडीपासून चार्जिंग रोखणारे संरक्षण किंवा हीटर आहे याची खात्री करावी, कारण शून्याखाली लिथियम बॅटरी भरल्यास तिचे कायमचे नुकसान होते. या बॅटरीत संरक्षण आहे, हीटर नाही. ज्यांना पहिली बॅटरी उतरल्यावर दुसरीच्या आधाराने गाडी सुरू करायची सोय हवी आहे, त्यांना ती इथे मिळणार नाही, कारण चार्जरमधून वीज उलट दिशेने जात नाही. ती सोय रिलेमध्ये बटणाने मिळते. मी त्यासाठी जंपर केबल वेगळी ठेवतो, आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) नेहमी पहिल्या बॅटरीवरच जोडलेला आहे. आणि ज्यांच्या गाडीत नियंत्रित अल्टरनेटर आहे, त्यांनी चार्जरची इग्निशनची निळी वायर न विसरता जोडावी, म्हणजे व्होल्टेज उतरला तरी इंजिन चालू असल्याचे त्याला कळते, आणि नवा अर्थ बॅटरीच्या ऋण टोकावर न घेता चासीवर घ्यावा, कारण त्या टोकावरचा सेन्सर तिथून वळसा घालून गेलेला प्रवाह मोजत नाही आणि गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

केबल, दुसरा फ्यूज आणि रंग खरवडण्याची सूचना यांबद्दल मी उत्पादकाला मोजमापांसह लिहिले. चार्जरची हमी कायम राहील, स्वतःची जाड केबल वापरायला हरकत नाही, असे उत्तर दोन दिवसांत आले. पत्रकात बदल करण्याबद्दल त्यात काही नव्हते. चार्जर आणि बॅटरी सुटी मिळत असतील तर तशीच घ्यावीत, आणि केबलचे माप दुकानात विचारताना व्यास नव्हे, तांब्याचे चौरस मिलिमीटर विचारावेत.