डोळ्यांची पूर्ण तपासणी : थेंब टाकले नाहीत तर अर्धीच

नेत्रतज्ज्ञाकडची पहिली पूर्ण तपासणी दीड-दोन तास सहज घेते. त्यात डॉक्टर समोर असतात तो वेळ थोडाच. बाकीचा मशीनपुढे हनुवटी टेकवण्यात आणि डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकून बसून राहण्यात जातो. या बसण्यालाच लोक कंटाळतात आणि ‘आज नुसता नंबर काढून द्या’ म्हणतात. आमच्या मते तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. दवाखान्याची पारख करायची तर आधी हेच बघावे, की थेंब टाकून पडदा (डोळ्याच्या आत मागे असलेला, चित्र उमटते तो थर) तपासला की नाही.

नंबराचे मशीन काही सेकंदांत आकडा छापून देते, पण तो अंदाज असतो. मुले आणि तरुण आतल्या चित्राकडे बघताना नकळत डोळ्यांवर जोर देतात आणि उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून चार्टसमोर एकेक डोळा झाकून, भिंगे बदलत खात्री करावीच लागते. लहान मुलांत तर हा जोर सैल करणारे थेंब टाकूनच. मशीनच्या कागदावरून थेट चष्मा लिहून देणारी जागा टाळावी. ‘ही काच बरी की ती?’ असे विचारल्यावर फरक वाटत नसेल तर तसेच सांगा, तेही उपयोगी उत्तर आहे. अक्षरे काही केल्या स्पष्ट होत नसतील तर बारीक छिद्राची पट्टी डोळ्यासमोर धरतात. त्यातून नीट दिसले तर दोष बहुधा नंबराचा. नाही दिसले तर कारण डोळ्याच्या आत शोधायचे. इतकी साधी चाचणी, पण फार काही सांगून जाते.

साखर खूप वरखाली होत असेल तर नंबरही हलतो. अशा वेळी नवा चष्मा साखर स्थिरावल्यावरच करावा. कॉन्टॅक्ट लेन्सचेही तसेच: त्या कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा) आकार किंचित बदलतात, हार्ड लेन्स जास्त. किती दिवस आधी काढून ठेवायच्या, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. शिवाय तपासणीतल्या केशरी रंगाच्या थेंबाने सॉफ्ट लेन्सवर डाग पडतो, म्हणून डबी सोबत असू द्या.

डोळ्याचा दाब बहुतेक ठिकाणी हवेच्या फुंकरीने मोजतात. सर्वसाधारण दाब 10 ते 21 मिमी पारा. डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला किंवा कॉलर आवळलेली असली की आकडा वर जातो. जास्त आला तर बधिर करणारा थेंब टाकून, निळ्या प्रकाशात, कॉर्नियाला टेकवायच्या उपकरणाने पुन्हा मोजायला हवा. कॉर्निया पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आणि दाब 21च्या आत असूनही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे ‘दाब नॉर्मल’ एवढ्यावर समाधान मानू नये. डोळ्याची नस पाहिलीच पाहिजे.

थेंबांच्या आधी काय होते, याकडे लक्ष असू द्या. टॉर्चने बाहुल्यांची हालचाल, दाब आणि डोळ्यातला कोन (आतले पाणी जिथून निचरते ती जागा) अरुंद आहे का, हे आधी बघायचे असते. थेंब पडल्यावर बाहुलीची तपासणी निरर्थक होते. कोन अरुंद असेल तर थेंबांनी दाब एकदम चढू शकतो. नजरेच्या परिघाची (समोर बघत असताना आजूबाजूचे किती दिसते याची) चाचणी करायची असेल तर तीही शक्यतो आधीच. ही चाचणी पहिल्या खेपेला अनेकांची बिघडते: नजर मधल्या ठिपक्यावरून सरकते, किंवा पापणी खाली येऊन वरचा भाग झाकला जातो. एका खराब निकालावरून घाबरू नका, परत करून घ्या.

थेंब थोडे झोंबतात. बाहुली मोठी व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात. मधुमेह्यांना जास्त, कधी पुन्हा थेंब टाकावे लागतात. मग डॉक्टर डोक्यावरच्या दिव्याने आणि हातातल्या भिंगाने पडदा बघतात, वर-खाली, डावी-उजवीकडे बघायला सांगतात. प्रकाश बोचतो, पण पडद्याच्या कडेची भोके अशीच सापडतात. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत मधला भागच येतो, म्हणून फोटो हा या तपासणीला पर्याय नाही.

नेहमीच्या थेंबांनंतर साधारण 4 ते 6 तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवू नका, काळा चष्मा आणि सोबत कुणीतरी असू द्या. घरी गेल्यावर डोळा खूप दुखून लाल झाला, दिव्यांभोवती वलये दिसली किंवा मळमळले, तर त्याच दिवशी परत जा.

जाताना जुने चष्मे, वाचायचासुद्धा, आणि औषधांची यादी न्या. स्टेरॉइड दाब वाढवू शकते, संधिवातासारख्या आजारांवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे पडद्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना ते कळायलाच हवे.

निघताना कागदावर चष्म्याचा नंबर अक्षासह (तिरप्या नंबराची दिशा, अंशांत), दोन्ही डोळ्यांचा दाब, नसेची आणि पडद्याची नोंद, पुढची तारीख एवढे मागून घ्या. काचबिंदूत नस हळूहळू बदलते आणि जुन्या नोंदीशी ताडूनच ते कळते. मात्र अचानक वीज चमकल्यासारखे दिसू लागले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा नजरेसमोर पडद्यासारखी सावली उतरली, तर त्या तारखेची वाट पाहू नका; त्याच दिवशी पडदा तपासून घ्या.