बेल्ट तुटल्यावर हेड उतरवायचं की नाही? लीकडाउन टेस्टर बरेच महिने वापरल्यावर

टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो, म्हणून अशा गाडीत पैशाचा खरा प्रश्न एकच असतो: व्हॉल्व्ह वाकलेत की वाचलेत? बहुतेक जण नवा बेल्ट टाकून सेल्फ मारून बघायचं म्हणतात. व्हॉल्व्ह वाकलेले निघाले की बेल्ट पुन्हा काढा, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवा, म्हणजे मजुरी दुप्पट. याच कटकटीला कंटाळून मी लीकडाउन टेस्टर घेतला, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून ती किती गळते ते दाखवणारं यंत्र. दोन गेज, एक रेग्युलेटर आणि प्लगच्या भोकात बसणारा पाइप, बस एवढंच.

कॉम्प्रेशन गेज (इंजिन फिरताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारा) आधीपासून होताच, पण इथे तो लवकर कामाचा नाही. त्याला इंजिन फिरावं लागतं आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडावे-मिटावे लागतात, म्हणजे आधी बेल्ट बसवा. लीकडाउनला बेल्टची गरजच नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते या एका गोष्टीमुळे. हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

माझी पद्धत आता पक्की झाली आहे. आधी क्रँक (पिस्टनना जोडलेला खालचा दांडा) हाताने थोडा थोडा फिरवून चारही पिस्टन सिलिंडरच्या मधोमध आणायचे. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, उलटं फिरवायचं. पिस्टन मधे आले की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. मग गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, आणि एकेका सिलिंडरचे लोब (कॅमवरचे उंचवटे) वर येतील, म्हणजे व्हॉल्व्ह मिटतील, असा कॅम फिरवून हवा सोडायची. हवा कमी, एक बारच्या आसपास. ८० मिमीच्या पिस्टनवर सहा बार हवा म्हणजे जवळजवळ तीनशे किलोचा रेटा, आणि पिस्टन मधोमध असताना क्रँकला फिरवायची ताकद भरपूर असते. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून ठेवला असेल तर तो गरकन फिरून हात मोडेल. हे गमतीत घेऊ नका.

आता कान द्यायचा. थ्रॉटल उघडून तिथे सूंऽऽ ऐकू आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आलं तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आली तर हवा रिंगांतून जाते आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची तड. जास्त वाकलेला व्हॉल्व्ह असेल तर शंकाच उरत नाही, हवा भसाभस निघून जाते आणि दुसऱ्या, म्हणजे आत टिकलेला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उचलतच नाही. खरी डोकेदुखी थोड्याशा वाकलेल्याची. काटा तीस-चाळीस टक्के गळती दाखवतो आणि आपण विचारात पडतो. अशा वेळी बकेटवर (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली टोपी) लाकडी दांड्याने हलकेच टकटक करून पुन्हा मोजतो, कारण कार्बनचा कण सीटवर अडकला तरी असंच दिसतं. कण असेल तर आकडा खाली येतो. नाही आला, तर हेड उतरवायचंच.

स्वस्तातला एंडोस्कोपही (भोकातून आत बघायचा छोटा कॅमेरा) सोबत घेतला होता. दिसायला भारी, पण निदानाला टेस्टरच्या मागे. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन खरवडून चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हा त्याचा मोठा उपयोग. पण खूण म्हणजे व्हॉल्व्ह लागला एवढंच, वाकला असं नाही. आणि काळ्या कार्बनवर पुसट खूण कॅमेऱ्याला दिसतही नाही.

टेस्टरच्या उणिवाही आहेत. गेजवरचे हिरवे-पिवळे पट्टे निव्वळ शोभेचे. रेग्युलेटर आपोआप सरकतो, दर सिलिंडरला शून्य पुन्हा जुळवावा लागतो. पाइपच्या टोकाची ओ-रिंग काही महिन्यांत कडक झाली आणि तिथूनच गळायला लागली. साबणाचं पाणी लावल्यावर कळलं. कॉम्प्रेशन गेजचा पाइप यावर चालवायचा असेल तर त्यातली पिन आधी काढा, नाहीतर ती हवा नीट आत जाऊ देत नाही.

शिवाय मोडलेला रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा हात) किंवा खराब झालेला गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) हे यंत्र सांगत नाही. काही डिझेलांत व्हॉल्व्ह उभे असतात, तिथे व्हॉल्व्हऐवजी रॉकर मोडतो. टेस्टर सगळं ठीक म्हणतो आणि गाडी मिसिंग मारते. म्हणून डिझेलला व्हॉल्व्ह कव्हर उघडून बघितल्याशिवाय मी निकाल देत नाही. तसंच मधोमध पिस्टनवर घेतलेला रिंगांचा आकडाही मी गंभीरपणे घेत नाही.

टेस्ट पास झाली तरच बेल्ट. तोही टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणणारी आणि वळवणारी चाकं) आणि वॉटर पंप हाताने फिरवून बघितल्यावर, कारण बरेचदा यातलं एखादं बेअरिंग अडकूनच बेल्ट गेलेला असतो. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे, टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळल्या का बघायचं, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन गेज. सगळे सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका, बहुधा बेल्ट एखादा दात चुकला आहे.

फक्त पेट्रोल गाड्या करत असाल तर खुशाल घ्या. डिझेलसाठी ग्लो प्लगच्या (सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) मापाचे अडॅप्टर वेगळे घ्यावे लागतात, आणि माझ्या सेटमधला एकही बसला नाही.