नॅस बंद पडला: रिपेअर दाबायचं, घरीच डेटा काढायचा, की डिस्क लॅबला पाठवायच्या?

मागच्या मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईत, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका स्टुडिओवाल्या मित्राचा रात्री साडेदहाला फोन आला. "नॅस उघडंना ओ. चार वर्षांची लग्नं आहेत त्यात." नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा डबा. याचा चार खणांचा, आत ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही डिस्क मिळून एकच साठा करायची पद्धत), आणि पॅनेलवर 'क्रॅश्ड'. खोदून विचारल्यावर हळूच कळलं की गणपतीत डबा पीं-पीं करत होता. समोर गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून यानं सेटिंगमध्ये जाऊन बीपच बंद करून टाकली. म्हणजे एक डिस्क गणपतीतच गेली होती, दुसरी आता गेली. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, दोन नाही.

मी पोचेपर्यंत त्याच्याकडे चार सल्ले गोळा झाले होते. मित्र म्हणाला, नवी डिस्क घाल आणि रिपेअर दाब. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, उबुंटूवर निघतं, फुकट. दुकानदार म्हणाला, आणून टाका, संध्याकाळपर्यंत बघतो. पुण्याच्या लॅबनं फोनवरच पाच आकडी रक्कम सांगितली. गंमत म्हणजे यातला एकही सल्ला मुळात चुकीचा नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी असते, एवढंच.

मी सांगली-मिरज-कुपवाडच्या ऑफिसांची नेटवर्कं बघतो. कधी दवाखान्याचे एक्स-रे अडकतात, कधी एमआयडीसीतली ड्रॉइंग, कधी मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचे टॅलीचे हिशोब. प्रत्येक जण विचारतो की कुठल्या वाटेनं डेटा मिळायची खात्री जास्त. मी आधी दुसरंच बघतो: ही वाट फसली, तर पुढच्या माणसाच्या हातात काय उरेल? ज्या वाटेवर मूळ डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, ती फसली तरी फक्त वेळ जातो. बाकीच्या वाटांवर डेटाच जातो.

आधी बघा, डबा गेलाय की डिस्क

कित्येकदा डिस्क ठणठणीत असतात आणि मेलेला असतो अ‍ॅडाप्टर. तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा लावून बघायला काही जात नाही. कधी डब्याचा बोर्ड जातो. २०१७ साली इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेतल्या प्रोसेसरचा दोष उघड झाला. त्यात घड्याळाचा सिग्नल कालांतरानं बंद पडायचा, आणि सिनॉलॉजी या नॅसच्या कंपनीचे डीएस१५१५+ आणि डीएस१८१५+ हे डबे त्याच प्रोसेसरवर चालत. असा डबा एक दिवस चालूच होत नाही, पण आतल्या डेटाला धक्का लागलेला नसतो. त्याच कंपनीचा चालणारा दुसरा डबा मिळाला, तर डिस्क त्याच क्रमानं घालून बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उघडतं. फक्त दुसरा डबा डिस्क नव्यानं 'इनिशियलाइज' करायचं म्हणाला तर तिथंच थांबा. मायग्रेट (डेटा तसाच ठेवून नव्या डब्यात नेणं) आणि इनिशियलाइज (पुसून नव्यानं सुरू करणं) यांत माहेर-सासर एवढा फरक आहे.

डबा उघडण्याआधी प्रत्येक डिस्कवर खणाचा नंबर मार्करनं लिहा. नॅसला एसएसडीची रीड-राइट कॅशे (वेगासाठीचा तात्पुरता साठा) लावलेली असेल तर ती एसएसडीही सोबत ठेवा. ताजं लिहिलेलं काही अजून तिच्यातच असू शकतं.

रिपेअरचं बटण

स्थिती 'डिग्रेडेड' असेल, एकच डिस्क गेली असेल, बाकीच्यांचा स्मार्ट अहवाल (डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) स्वच्छ असेल आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे असेल, तर हीच वाट सर्वांत सोपी. नवी डिस्क घाला, रिपेअर दाबा आणि जेवायला जा.

यातली शेवटची अट बहुतेकांकडे पुरी होत नाही. रेड ५ मध्ये माहितीचे तीन तुकडे तीन डिस्कवर जातात आणि चौथीवर त्यांची पॅरिटी, म्हणजे तिघांच्या हिशोबाची एक नोंद. एक तुकडा हरवला तर उरलेल्या तिघांवरून तो परत काढता येतो. पण त्यासाठी रिपेअरला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीच्या तीन डिस्क म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं एवढे बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी जागा धरलेली असते. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, हेही खरं. पण चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या आणि तितक्याच वापरलेल्या असतात. एक गेली, तर बाकीच्या तिघींचं वय काही कमी नाही. सगळ्यांत जास्त राबवून घेणारं काम आपण त्यांच्यावर नेमकं तेव्हाच टाकतो.

म्हणून डिग्रेडेड दिसल्यावर मी आधी हवं तेवढं बाहेर कॉपी करायला लावतो. मग रिपेअर. नवी डिस्क घेताना एसएमआर प्रकारची, म्हणजे माहितीच्या पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणारी, नको. २०२० साली वेस्टर्न डिजिटलनं मान्य केलं होतं की रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. अशा डिस्कवर रिबिल्ड, म्हणजे हेच रिपेअरचं काम, फार रेंगाळतं.

'क्रॅश्ड' दिसत असेल तर हा पर्याय संपला. जुनं 'पूल' (सगळ्या डिस्कचा एकत्र साठा) काढून नवं बनवा, असं पॅनेल सुचवू लागलं की माउस खाली ठेवायचा.

घरीच करायचं तर

इथं दोन पर्याय आहेत, लिनक्स (भाच्याचं उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) किंवा विकतचं सॉफ्टवेअर. दोन्हींच्या आधी एक काम सारखंच आहे आणि तेच बहुतेक जण टाळतात: प्रत्येक डिस्कची इमेज, म्हणजे बिटाला बिट प्रत. पुढचं सगळं त्या प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

खर्च इथंच येतो. मित्राच्या बाबतीत तीन डिस्कच्या इमेज पुरणार होत्या, पण त्यालाही १२ टीबी जागा लागते आणि निघालेल्या फाइली ठेवायला आणखी वेगळी. चांगली डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबीनं वाचली तर ४ टीबीला साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला कधी दोन दिवसही. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलो याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं. फाइल कॉपी करायच्या साध्या प्रोग्रामला हे जमत नाही. तो एका खराब जागेवर डोकं आपटत बसतो आणि डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य संपवतो.

डिस्क टक-टक करत असेल, फिरतच नसेल, किंवा बायोसमध्ये तिची साइज भलतीच दिसत असेल, तर इमेजही घ्यायची नाही. तो लॅबचा विषय.

इमेज झाल्यावर लिनक्सची वाट फुकट आहे आणि सिनॉलॉजीला चांगली लागू पडते. आत लिनक्सचंच एमडी रेड, त्यावर बहुधा एलव्हीएम (साठ्याचे भाग पाडणारा थर), आणि वर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम असते. उबुंटूवर डिस्क कशा उघडायच्या, हे कंपनी स्वतःच सांगते. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच डब्यांत मात्र एलव्हीएममध्ये फेरफार केलेले असतात. साधं उबुंटू रेड जोडतं, पण आतलं व्हॉल्यूम उघडत नाही. तिथं भाच्याचा उत्साह वाया जातो.

एमडीअ‍ॅडमचा 'एक्झामिन' (रेड तपासायची लिनक्सची आज्ञा) चालवला की प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे ती रेडच्या बदलांबरोबर कुठवर होती याचा आकडा, कळतो. मित्राच्या तिसऱ्या डिस्कचा काउंट खूप मागं होता. गणपतीत बाहेर पडली होती ती हीच. तिच्यावर लग्नसराईची काही खबरच नव्हती. पहिली डिस्क आत्ताच गळाली होती, म्हणून तिचा काउंट बाकीच्यांपेक्षा थोडाच मागं. शहाणपण असं की जुनी तिसरी बाजूला ठेवायची आणि आजारी असली तरी ताजी असलेली पहिली घ्यायची. नेमकं उलटं करणारे लोक मी पाहिलेत. जुनी डिस्क स्मार्टमध्ये स्वच्छ दिसते म्हणून तिलाच जोडतात. फोल्डर दिसतात, आणि आत निम्म्या फाइली फुटलेल्या.

आम्ही पहिलीची इमेज घेतली. डीडीरेस्क्यूला एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस लागला, आणि शेवटी थोडीच जागा वाचायची राहिली. मग पहिली, दुसरी आणि चौथी एवढ्याच इमेज 'असेंबल' करून, रीड-ओन्ली जोडून, फाइली बाहेर काढल्या. एका साखरपुड्याचे काही फोटो अर्धे करडे आले. बाकी सगळं मिळालं.

एक इशारा. नेटवर कुठंतरी रेड नव्यानं बनवायची 'क्रिएट' ही आज्ञा सापडते आणि चालतेही. पण डिस्कचा क्रम, चंकची (एका वेळी एका डिस्कवर जाणाऱ्या तुकड्याची) साइज किंवा डेटा सुरू होण्याची जागा यांतलं एक जरी चुकलं, तरी ती नवीच रचना उभी करते. वर सिंक सुरू झालं तर डिस्कवर नवीन लिहिलं जातं. त्यानंतर लॅबलाही फारसं काही करता येत नाही. फाइल सिस्टीम दुरुस्तीचा प्रश्न आला तर मूळ डिस्कवर 'हो' कधीच नाही.

आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याशी दोस्ती नसेल तर आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर आणि रिक्लेमी ही सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात. रेडची रचना ती बरीचशी स्वतःच ओळखतात आणि पैसे भरण्याआधी आत काय सापडलं तेही दाखवतात. क्यूनॅपच्या बाबतीत मी सरळ इकडेच येतो. डिस्क लावल्या की विंडोज 'इनिशियलाइज करू?' किंवा 'फॉरमॅट करू?' विचारतं. दोन्हींना नाही.

पैसे भरण्याआधी परीक्षा मोठ्या फाइलीवर घ्या. चंक ६४ केबीचा असेल तर छोटं चित्र एकाच चंकमध्ये मावतं आणि डिस्कचा क्रम चुकला असला तरी नीट उघडतं. त्यावर खूश होऊन लोक लायसन्स घेतात. २५-३० एमबीचा रॉ फोटो किंवा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, तर रचना बरोबर.

दुकान

दुकानदार माणूस म्हणून चांगलाच असतो. पण त्याला एकच प्रश्न विचारा: "आधी इमेज घेणार का?" उत्तरात "लावून बघतो" आलं तर डिस्क परत मागा. काही जण सर्किट बोर्ड बदलून बघतात. आजच्या डिस्कमध्ये बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्या डिस्कची स्वतःची माहिती असते, ती चिप न हलवता बोर्ड बदलून बहुतेकदा उपयोग नसतो. आणि काउंटरवर डिस्कचं झाकण उघडणारा भेटला तर तिथून बाहेर पडा.

लॅब

लॅबकडे स्वच्छ खोली असते, हेड बदलायला जुळणाऱ्या डोनर डिस्क असतात आणि डिस्कच्या फर्मवेअरशी थेट बोलणारी पीसी-३००० सारखी यंत्रं असतात. टक-टक करणाऱ्या डिस्कला दुसरा इलाज नाही. पैसे जास्त, कारण आजारी प्रत्येक डिस्कचं काम वेगळं. पण मूळ डिस्कवर न लिहिण्याची शिस्त या मंडळींकडे सर्वांत पक्की असते, म्हणून माझ्या मोजमापात ही वाट वर येते. महाग आहे म्हणून शेवटी ठेवायची, हा हिशोब मला पटत नाही. डिस्क वाजत असेल तर तीच पहिली. स्वतः खटपट करून मग पाठवलेली डिस्क तितक्याच पैशात कमी डेटा देते.

पाठवण्याआधी विचारून घ्या: डेटा नाही निघाला तर काय आकारणार, पैसे भरण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का, आणि डोनर डिस्कचा खर्च वेगळा का. गेलेली जुनी डिस्कही सोबत पाठवा. निकामी वाटली तरी रचना ओळखायला तिचा उपयोग होतो.

पुरात भिजलेला डबा

हे सांगलीकरांसाठी वेगळं लिहावं लागतं. इथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तळमजल्यावरच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेला नॅस म्हणजे गाळानं भरलेला नॅस.

अशा वेळी वरच्या चारही वाटांतली एकच उरते. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, त्या थोड्या सुदैवी, पण बोर्ड त्यांचाही भिजलेलाच. करंट द्यायचा नाही. उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात तर नकोच. गाळ आत वाळला की तबकडीला चिकटून बसतो. ओलीच डिस्क, ओल्या फडक्यासह, हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालायची आणि रस्ता सुरू झाला की पहिल्या गाडीनं लॅबकडे. प्रत्येक पिशवीवर खणाचा नंबर, आणि आत एक चिठ्ठी: डब्याचं मॉडेल, रेडचा प्रकार, किती वेळ पाण्यात होती, आणि कुणी चालू करून बघितली का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं लिहा.